दिल्लीचा निधी आणि मंगळवारची भाकरी

आमच्या शाळेत गरीब मुलं आहेत, हे दिल्लीला माझ्या आधीपासून माहीत होतं. मी रुजू झाले त्या दिवशी हेडसरांनी मला एक लोखंडी कपाट उघडून दाखवलं आणि अभिमानानं सांगितलं, "बाई, ह्यात केंद्राचं सगळं आहे." कपाटात प्लास्टिकचा मानवी सांगाडा होता, इंग्रजी मुळाक्षरांचे ठोकळे होते आणि कन्नड गोष्टींच्या पुस्तकांचे न फोडलेले गठ्ठे होते. आमची शाळा मराठी. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, सीमेवरच्या गावातली, पहिली ते पाचवी, चिंताकीच्या बाजूला. पगार कर्नाटक सरकार देतं, निधी केंद्र सरकार देतं आणि मुलं मराठीतून पाढे म्हणतात. निधी दिल्लीहून निघतो, बेंगळुरूला मुक्काम करतो, बीदरला बसून चहा पितो आणि तालुक्याला, औरादला, येईपर्यंत दमून जातो. तिथून आमच्या गावाचा रस्ता खराब आहे. सांगाड्याचा आम्हांला काहीच उपयोग नव्हता असं मात्र नाही. पावसाळ्यात त्याच्या हातात हेडसर छत्री अडकवायचे.

मी मूळची ह्याच जिल्ह्यातली, निर्ण्याकडची. आजोबांनी बुद्धाला नमस्कार केला, वडिलांना शाळेत घातलं, वडील कारकून झाले, मी मास्तरीण झाले. आमच्या घरात देवघराच्या जागी पुस्तकांचं फडताळ होतं, असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे शाळा सोडून जाणारं मूल दिसलं की माझं डोकं फिरतं. त्या वेळी मी आई-बापाला, मुकादमाला, हेडसरांना, समोर येईल त्याला बोलते. गावात माझं नाव "तापट बाई" असं आहे आणि ते खोटं नाही.

दसरा झाला की आमच्याकडे ट्रक येतात. गावातली काही आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीवरची बरीच घरं ऊस तोडायला जातात, तीही महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. म्हणजे मराठी शिकायची कर्नाटकात आणि महाराष्ट्रात जाऊन शिकायचं काय, तर मोळी बांधायला, असा हा उलटा मामला. मुलं आई-बापाबरोबर जातात, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि उन्हाळा लागला की परत येतात. परत येतात ती काळी, काटक आणि अबोल होऊन. दोन-चार दिवस वर्गात बसतात, मग दारात बसतात, मग नाहीच बसत.

माझ्या चौथीच्या वर्गात वस्तीवरची एक पोरगी होती. आमच्यातलीच, बौद्ध घरातली. तिची थोरली बहीण अशीच एका हंगामात गेली आणि शाळेतून कायमची गळली. ह्या धाकटीचं वाचन वर्गात सगळ्यांत चांगलं होतं, पण मला ती आवडायची ते वाचनासाठी नव्हे. तिला सगळं बरोबर सांगायची खोड होती. मी "काल पाऊस पडला" म्हटलं की ती हात वर करून "परवा रात्री पडला बाई, काल नुसतं आभाळ होतं" असं सांगायची. राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. ही पोरगी ट्रकमध्ये चढणार नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्याच वर्षी केंद्रालाही तेच वाटलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर झालं. आदेश कन्नडमध्ये होता, हेडसरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सांगितलं, "वसतिगृह ताबडतोब सुरू करायचं आहे. निधी मागाहून येतोय." हेडसर सरळ माणूस. त्यांनी 'ताबडतोब' ह्या शब्दावर जेवढा विश्वास ठेवला तेवढाच 'मागाहून' ह्या शब्दावर ठेवला. आम्ही दोघं घरोघर फिरलो. मी तर त्या पोरीच्या आईपुढे जवळजवळ पदर पसरला. आई म्हणाली, "ठेवते की बाई. पर खाईल काय?" मी म्हणाले, "सरकार देणार आहे." ती हसली नाही, हे तिचे उपकार.

ट्रक गेले. आठ-नऊ मुलं मागं राहिली आणि निधी बेंगळुरूला राहिला. दुपारचं जेवण शाळेत असतंच. झोपायची सोय झाली: मुलगे शाळेत, हेडसर आणि स्वयंपाकीणबाईच्या नवऱ्याच्या देखरेखीखाली, मुली माझ्या भाड्याच्या खोलीत. प्रश्न संध्याकाळच्या भाकरीचा होता. शाळा समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे अण्णा, खतं-बियाणांचं दुकान चालवतात आणि माईक हातात आला की तो परत देत नाहीत. बैठकीला माईक नव्हता म्हणून ते लवकर थांबले. मग एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आमच्या आज्याच्या काळात औरादला वार लावून जेवायचे की पोरं. सोमवारी ह्या घरी, मंगळवारी त्या घरी. शिकून मामलेदार झाले."

वार लावून जेवणं हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते जेवणारे कोण असायचे आणि कुणाच्या ओसरीवर बसायचे, हेही वाचलं होतं. आमच्या आजोबांच्या काळात आमच्यातल्या पोराला वार मिळाला नसता, दार मिळालं असतं आणि तेही बंद. हे मी बैठकीत बोलणार होते, पण तेवढ्यात घरं नावं द्यायला लागली. गावातली दिली, वस्तीवरचीही दिली. वाणी म्हणाला, माझ्याकडे गुरुवार. विहाराजवळचं म्हातारं जोडपं म्हणालं, आमच्याकडे शनिवार, पर आमाला दात न्हाईत, भात मऊ असतोय. हेडसरांनी हो म्हटलं आणि वार ठरले.

कोण कुणाच्या घरी जाणार ह्याचा फार विचार झाला नाही आणि तेच बरं झालं. गावातल्या शेतकऱ्याचा पोरगा वस्तीवर जेवायला जायला लागला. त्याचे आई-बाप फडात होते, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी नव्हतं. त्यांना फोनवर कळेपर्यंत पोरानं तिथं महिनाभर मटकीची उसळ चापली होती. समाज सुधारायचा तर मोठी माणसं गावाबाहेर पाठवावीत, असं मी तेव्हा हेडसरांना म्हणाले. ते म्हणाले, "बाई, हळू बोला."

माझ्या पोरीला मंगळवार मिळाला तो चौकातल्या अक्काचा. अक्का म्हणजे गावातलं जुनं शेतकरी घर. लेक हैदराबादला, लेकी आपापल्या घरी, वाड्यात नवरा-बायको दोघंच. मी त्यांच्या गल्लीत राहते. इतक्या वर्षांत अक्कानं मला चहा नेहमी दिला, चांगला दिला, आल्याचा दिला, आणि ओसरीवर दिला. मी कधी आत गेले नाही आणि त्यांनी कधी बोलावलं नाही. ह्याबद्दल आमच्यात एक अक्षराचं भांडण झालेलं नाही. अशा गोष्टी भांडणाशिवायच चालतात.

पहिले दोन मंगळवार पोरगी ओसरीवर जेवली. तिसऱ्या मंगळवारी येऊन तिनं सांगितलं की ती सैपाकघरात चुलीपाशी बसली होती. मी विचारलं, "असं कसं?"

"अक्का म्हणली, चुलीपासून ओसरीपतोर भाकरी गार व्हतीय. आन तिचे गुडघे दुखायलेत. म्हणली, तूच ये हिकडं."

अक्काच्या गुडघ्यांनी जे केलं ते आमच्या तीन पिढ्यांच्या भाषणांनी केलं नव्हतं. मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला, खरं सांगते. त्यानंतर मंगळवार म्हणजे पोरीचा सण झाला. अक्का तव्यावरची भाकरी थेट तिच्या ताटात टाकायची, वर लोणी, बाजूला शेंगदाण्याची चटणी. पोरगी अक्काला सगळं बरोबर करून सांगायची: कुठल्या घरी वरण पातळ, कुणाच्या सासू-सुनेत बोलणं बंद, अक्काच्या लेकाचा फोन रविवारी नव्हे, शनिवारी आला होता. अक्का तिला "वकीलीणबाई" म्हणायला लागली. बुधवारी सकाळी मी दारावरून जाताना अक्का मला थांबवायची आणि म्हणायची, "काल काय बोलली माहितंय का तुमची पोरगी?" मी ओसरीवरच उभी असायची, पण बोलणं आतलं असायचं.

तो हिवाळा माझ्या नोकरीतला सगळ्यांत चांगला. मुलांच्या गालांवर मांस आलं. कुणी मूल पाठांतर करून आलं नाही की मी त्याच्या आई-बापाला बोलावू शकत नव्हते, पण ज्या घरी त्याचा वार असे त्या घरी निरोप धाडायची. तिथली बाई ताट वाढताना त्याची खरडपट्टी काढायची. सगळं गावच पालक झालं होतं. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की ह्याला योजना म्हणतात.

आणि मग निधी आला.

मार्च लागला होता, हंगाम संपत आला होता, आणि वर्षअखेरीच्या आत सगळा खर्च करायचा होता. तालुक्याहून साहेब आले. आल्या आल्या त्यांनी आमच्याकडच्या रिवाजानं "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारलं आणि मग सरकारी प्रश्न विचारला: मुलं इतके महिने जेवली कुठं? हेडसरांनी सांगितलं, गावानं जेवू घातलं. साहेबांच्या तोंडावर पहिल्यांदा कौतुक आलं, मग काळजी आली. गावानं कसं घातलं? पैसे कुणी दिले? कुणीच नाही? मग खर्च कशावर दाखवायचा? खर्च दाखवला नाही तर निधी परत जाणार, आणि एकदा परत गेला की पुढल्या वर्षी येणार नाही, कारण तुम्हांला गरज नाही असं सिद्ध होणार. साहेब वाईट नव्हते. त्यांनीच तोडगा सांगितला: ज्यांनी जेवू घातलं त्यांना पैसे देऊन टाका. न्यायाचंच होतं ते.

दुसऱ्या गावात हे गुपचूप झालं असतं. हेडसरांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं वाण्याकडून धान्याच्या पावत्या आणल्या असत्या, सांगाड्याशेजारी ठेवल्या असत्या आणि विषय संपला असता. पण हेडसरांना खोटी पावती आणायची भीती वाटायची आणि अण्णांना समारंभाची हौस. आमच्या गावचा रिवाज असा, की गावाकडे काहीही आलं, मग ते बोअरचं पाणी असो की खताची गाडी, ते देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं आणि चारचौघांत वाटायचं. म्हणजे कुणाचा संशय नको. ह्या रिवाजानं आमच्या गावात भांडणं खरंच कमी होतात. त्या दिवशी मात्र तो रिवाज भाकरीला लावला.

शाळेच्या मैदानात मंडप घातला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, समोर वारावर जेवलेली मुलं. अण्णांच्या हातात माईक. त्यांनी दिल्लीचे आभार मानले, बेंगळुरूचे मानले, बीदर-औरादचे मानले आणि मग एका ताटाचा सरकारी दर वाचून दाखवला. बायकांत कुजबूज झाली. पिठलं-भाकरीला तोच दर, पातळ वरणाला तोच, लोण्याच्या गोळ्याला तोच. वाण्याची बायको शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "जिच्या वरणात डाळ हुडकावी लागत होती, तिलाबी तेवढंच?" तिथून सुरुवात झाली.

आता कुणी किती ताटं वाढली? ह्याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. जेवू घालताना कोण ठेवतं? अण्णा म्हणाले, "काही काळजी करू नगा. लेकरांलाच विचारू. लेकरं खोटं बोलत न्हाईत." मी हेडसरांकडे बघितलं. हेडसर म्हणाले, "पारदर्शक आहे, बाई." मी उठून "हे बंद करा" असं म्हणाले, तेही मोठ्यानं, पण भोंग्यापुढे माझा आवाज कुठे लागणार. एकेक मूल उभं राहून साक्ष द्यायला लागलं. ज्या बाईनं वाढलं तिच्याकडे बोट करायचं आणि सांगायचं.

माझी पोरगी उभी राहिली. अगदी सरळ उभी राहिली. तिनं हात मागं बांधले, कविता म्हणताना बांधायची तसे.

"मी अक्काकडं दर मंगळवारी जेवले," ती म्हणाली. "फकस्त एक मंगळवारी अक्का लेकाकडं हैदराबादला गेलती, तवा न्हाई."

"शाब्बास. ते वजा करा," अण्णा म्हणाले.

"आन एक डाव अक्काला उपास होता. तवा शाबू होता. त्ये जेवणात धरायचं का?"

मंडप हसला. साहेबही हसले. अण्णांनी विचार करून शाबू जेवणात धरला, तशी त्यांची समजूत मोठी आहे. अक्का बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती हसली नाही. तिनं पदर पुढे ओढला आणि समोरच्या बाईच्या पाठीकडे बघत राहिली. पोरगी खाली बसली आणि वळून अक्काकडे बघून हसली, कारण तिनं सगळं अगदी बरोबर सांगितलं होतं.

अक्कानं पैसे घ्यायला साफ नकार दिला. पण तिनं सही केली नाही तर हिशेब जुळत नव्हता, आणि हिशेब जुळला नाही तर सगळ्यांचेच पैसे अडकत होते. शेजारीपाजारी तिच्या घरी गेले. शेवटी अक्काच्या मालकांनी सही केली आणि पैसे त्यांच्या खात्यावर आले. अक्का त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही. जेवू मात्र घालत होती. तिथं दर नव्हता.

हंगाम अजून पुरता संपला नव्हता. पुढच्या मंगळवारी पोरगी नेहमीसारखी गेली आणि लवकर परत आली. माझ्या खोलीत येऊन दप्तराचा बंद ओढत बसली. मग म्हणाली, "बाई, अक्कानं आज ओसरीवर वाढलं."

"गुडघे बरे झाले असतील," मी म्हणाले.

"कामून वाढलं बाई? मी काय चुकीचं सांगितलं काय? त्यो शाबूच होता."

मी दुसऱ्या दिवशी अक्काच्या दारात गेले. मला भांडायचंच होतं. अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "पोरीवर कसला राग काढता?" तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "राग कशाचा. आता पैसे घेतलेत न्हवं आमी. गिऱ्हाईकाला कोन सैपाकघरात घेतंय?" आणि तांदळातला खडा फेकून म्हणाली, "बाई, माज्या सासूनं ह्या घरात वाढलं, मी वाढलं. कुनी मोजलं न्हवतं. तुमी चारचौघांत मोजलं." मी भांडायला गेले होते आणि तशीच परत आले, कारण तिचं सगळं खरं होतं, आणि पोरीचंही खरं होतं, आणि साहेबांचंसुद्धा.

आमच्या कामाची तालुक्यात वाहवा झाली. निधीचा विनियोग शंभर टक्के. हेडसरांना बैठकीत उभं करून टाळ्या वाजवल्या. त्यांनी परत आल्यावर मला ते सांगितलं तेव्हा ते खूश होते, पण लगेच त्यांनी विषय बदलला. त्यांनाही काहीतरी कळत होतं.

पोरगी पाचवीत गेली. पुन्हा दसरा आला आणि पुन्हा आदेश आला: वसतिगृह ताबडतोब सुरू करा, निधी मागाहून. आम्ही पुन्हा घरोघर निघालो. पहिल्या घरी बाईनं विचारलं, "पैसे आले का?" हेडसर म्हणाले, "येतील." ती म्हणाली, "मग आल्यावर बघू." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी दर वाढवून मागितला, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं, तेल महाग झालं होतं. वाण्याकडून निरोप आला, की गेल्या खेपेस आमची दोन ताटं कमी धरली ती आधी मिटवा. विहाराजवळच्या म्हाताऱ्यानं मान खाली घालून सांगितलं, "बाई, लोक म्हणायलेत आमी पैशासाठी करायलाव. नगं आता." गावातल्यांना गेल्या साली ज्याची लाजही वाटली नव्हती आणि अभिमानही वाटला नव्हता, त्याची आता कुणाला लाज वाटत होती आणि कुणाला त्याचा अभिमान. समितीनं एकमतानं ठराव केला, की निधी आगाऊ मिळावा. ठराव चांगल्या अक्षरात लिहून औरादला गेला आणि अजून तिथंच आहे.

मी अक्काकडे गेले. तिनं चहा दिला. मी विषय काढल्याबरोबर म्हणाली, "मला पावती करायला येत न्हाई बाई." पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

मग मी पोरीच्या आईकडे गेले आणि म्हणाले, माझ्याकडे ठेवा, मी जेवू घालीन, माझ्या ताटातलं देईन. ती कपडे बांधत होती. धाकटं पोर तिच्या पाठीवर लोंबत होतं. ती म्हणाली, "तुमी चांगल्याच हाव बाई. पर तुमची बदली झाली तर? तुमी आजारी पडलाव तर? गेल्या साली सगळं गाव होतं म्हणून मी बिनघोर गेले. एका मान्साच्या जिवावर पोरगी ठेवून कसं जमल? आन ह्याला कोन बघल?" मी चिडले, बोलले, तिच्या थोरल्या लेकीची आठवण काढली. ती आठवण मी काढायला नको होती असं कुणी म्हणेल. मला आजही तसं वाटत नाही. आईनं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि गाठोड्याची गाठ मारली.

ट्रक सकाळी चौकात लागला. भांडी, पत्रे, पांघरुणं, शेळ्या, कोंबड्या आणि वर माणसं. पोरगी कडेला बसली होती, मांडीवर भाऊ. तिनं मला हात केला. मी दप्तरात भरून पाचवीची पुस्तकं आणली होती, ती वर दिली. तिनं ती मोजून घेतली आणि म्हणाली, "गणिताचं स्वाध्यायाचं न्हाई ह्याच्यात." खरंच नव्हतं. मी म्हणाले, "पाठवते." कुठल्या पत्त्यावर, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तेवढ्यात अक्का घरातून बाहेर आली. दुखऱ्या गुडघ्यांनी भराभर चालत, फडक्यात बांधलेल्या भाकरी छातीशी धरून. फडक्याला तूप लागलं होतं. वार मंगळवार नव्हता. ती गर्दीतून वाट काढत ट्रकपाशी आली आणि तिनं दोन्ही हातांनी गाठोडं वर केलं. "वकीलीणबाई, घे गं. वाटंत खा. गरम हायेत अजून."

पोरीचा हात पुढं आला आणि थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग अक्काकडे.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "औंदा पैसे आले न्हाईत."

ती रुसून बोलली नव्हती. अक्काला ठाऊक नसेल, उगीच तिचं नुकसान व्हायला नको, अशा काळजीनं ती समजावून सांगत होती. ट्रक सुरू झाला. अक्काचे हात वरच राहिले होते. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिनं मला विचारलं, "बाई, हे कुनी शिकविलं ओ लेकराला?"

चौथीला आणि पाचवीलाही तिचा वर्ग माझ्याकडे होता.